ओतीव मूर्ती : अस्सल आणि नक्कल



खेड्यापाड्यांतून हे भाषण ऐकणाऱ्या बंधुभगिनींना, आणि विशेषेकरून शाळाशाळांतल्या गुरुजनांना, आज मी एका पुतळ्याची हकीकत सांगणार आहे. पुतळा काही मोठा नाही, हातभरसुद्धा उंच नाही. पण त्याच्या पायी एका घरातले देव गेले, म्हणून ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या सुट्टीत माझे एक स्नेही घरी आले. तालुक्याच्या गावी शिक्षक आहेत, वाचनाची आवड आहे, जुन्या वस्तूंचा थोडा शौकही आहे. पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर उभी केली. एका पायाच्या चवड्यावर तोललेला, उडी घेण्याच्या बेतात असलेला एक तरुण. डोक्यावरच्या टोपीला पंख, टाचांना पंख, एक हात आभाळाकडे. अंगावर हिरवट काळपट छटा. गुरुजी म्हणाले, "सर, जरा बघता का? इटलीतली मूर्ती आहे म्हणे. चारशे वर्षांची. एका नवाबाच्या हवेलीतून निघाली."

मी विचारलं, "केवढ्याला घेतली?"

गुरुजी जरा घुटमळले. मग म्हणाले, "रोख थोडेच दिले. बाकी घरातले जुने देव दिले वजनावर. झिजले होते हो सगळे. नाकडोळेसुद्धा दिसत नव्हते."

श्रोतेहो, त्या पंखवाल्या तरुणाला मी लगेच ओळखलं. तो मर्क्युरी. रोमन लोकांचा देवांचा निरोप्या, आणि व्यापाऱ्यांचाही देव. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जाम्बोलोन्या नावाचा मोठा शिल्पकार होऊन गेला. त्यानं इसवी सन १५८० च्या सुमारास हा मर्क्युरी काशात ओतला. वाऱ्याच्या फुंकरीवर एक पाय टेकून उभा असलेला तो पुतळा आजही फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे. मग गुरुजींच्या पिशवीत होतं ते काय? ती होती त्याची नक्कल. आता नक्कल म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो. ते बरोबर नाही. म्हणून आधी नकलेची बाजू ऐकून घ्या.

नक्कल ही फार जुनी आणि पुष्कळ वेळा फार उपकारक गोष्ट आहे. पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४० नंतरच्या दशकात तिथं जमिनीतून काशाच्या काही वस्तू निघाल्या. त्यांत एक समुद्रदेवाची मूर्ती होती. ग्रीक लोक त्याला पोसायडन म्हणत. मूर्ती वीतभरही नाही, पण अंगाची ठेवण अशी की पाहणारा थक्क व्हावा. लिसिपस नावाच्या ग्रीक शिल्पकारानं घडवलेल्या एका मोठ्या पुतळ्याच्या धर्तीची ही छोटी प्रत आहे, असं जाणकार मानतात. आपल्या पैठणला सातवाहनांची राजधानी होती, त्या काळात रोमन व्यापाऱ्यांची गलबतं आपल्या किनाऱ्याला लागत. त्या व्यापाराच्या ओघात ही मूर्ती इकडे आली. मूळ ग्रीक पुतळा आज जगात कुठंही उरलेला नाही. त्याचं रूप कळतं ते अशा नकलांवरून. कोल्हापूरला गेलात तर टाउन हॉलच्या संग्रहालयात ही मूर्ती आवर्जून पाहा.

इटलीत पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत जो प्रबोधनकाळ आला, त्यातले शिल्पकारसुद्धा अशा जुन्या प्रती पाहूनच शिकले. मांतुआच्या दरबारात एक ओतकाम करणारा कलावंत होता. जुन्या रोमन पुतळ्यांच्या लहान लहान सुबक प्रती करण्यात त्याचा हात इतका बसला की लोकांनी त्याचं नावच 'अँटिको', म्हणजे 'प्राचीन', असं ठेवलं. आज त्याच्या त्या प्रतींनाच जगातली संग्रहालयं जिवापाड जपतात. म्हणजे पाहा, जिला आपण अस्सल इटालियन कला म्हणतो, तिची मुळाक्षरंसुद्धा नकलेवर गिरवलेली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, धातूच्या मूर्तीची नक्कल करतात तरी कशी? हे नीट समजून घ्या, कारण अस्सल-नकलेची पारख इथंच दडलेली आहे.

मूर्ती ओतण्याची जुनी रीत आपल्या ओतारी मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आधी मेणाची मूर्ती घडवायची. तिच्यावर मऊ मातीचे थर द्यायचे. एका जागी तोंड ठेवायचं. माती वाळली की भट्टीत तापवायची. मेण वितळून वाहून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. निवाला की माती फोडायची. आत मूर्ती तयार.

ही रीत आपल्याकडे लिहूनही ठेवलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शिवेपलीकडे थोड्याच अंतरावर. त्या ग्रंथात हे ओतकाम बारकाईनं सांगितलं आहे. मातीत जळका कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि मीठ मिसळावं, तीन थर द्यावेत, मेण आधी तोलून घ्यावं. चांदी ओतायची तर मेणाच्या बारापट घ्यावी, सोनं ओतायचं तर सोळापट. धातू कमी पडला तर देव अर्धवट राहील, म्हणून हा हिशेब. गणिताच्या गुरुजनांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावं.

या रीतीत एक साचा, एक मूर्ती. साचा फुटला की दुसरी मूर्ती नाही. दुसरी हवी असेल तर मेण पुन्हा नव्यानं घडवायला हवं.

नक्कल करायची तेव्हा वेगळी रीत लागते. मूळ मूर्तीवर प्लास्टरचा साचा घेतात, पण तो अखंड नसतो. सीताफळाच्या पाकळ्यांसारखे त्याचे तुकडे तुकडे असतात. ते सोडवले की मूळ मूर्ती जशीच्या तशी मोकळी होते. तुकडे पुन्हा जुळवायचे, आतून मेणाचा पातळ थर द्यायचा, मध्ये मातीचा गाभा भरायचा आणि पुढं तीच भट्टी, तेच ओतकाम. तुकड्यांचा साचा शाबूत राहतो. त्यातून दुसरी मेणाची मूर्ती काढता येते, तिसरी काढता येते.

पुढं एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये आशिल कोला नावाच्या गृहस्थानं एक यंत्र काढलं. नकाशा लहानमोठा करण्यासाठी शाळेत पेंटोग्राफ वापरतात ना, तसंच ते. यंत्राचा एक दांडा मूळ पुतळ्यावरून फिरतो आणि दुसऱ्या टोकाला तोच आकार लहान प्रमाणात कोरला जातो. त्याच्याबरोबर बार्बेदिएन नावाच्या कारखानदारानं भागी केली, आणि मायकेलअँजेलोपासून ग्रीक देवतांपर्यंत नामांकित पुतळ्यांच्या लहान काशाच्या प्रती घरोघर पोचू लागल्या. हा कारखाना प्रतींवर आपलं नाव उमटवी. ही आमची प्रत आहे, असा त्याचा उघड कबुलीजबाब असे.

अशा युरोपी वस्तू आपल्याकडच्या संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतही आल्या. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तेव्हा आपली राजधानी हैदराबाद. तिथले तिसरे सालारजंग हे मोठे संग्राहक होते. त्यांचा जन्म १८८९ साली पुण्याचा, आणि आपलं अजिंठा गाव त्यांच्या घराण्याच्या जहागिरीतलं. त्यांच्या संग्रहाचं संग्रहालय १९५१ साली हैदराबादेत उघडलं. तिथल्या युरोपी दालनांत नामांकित शिल्पांच्या प्रती आहेत. लोक त्या आनंदानं पाहतात, शिकतात, आणि कुणाची फसवणूक होत नाही.

आणि अजिंठ्याचंच पाहा ना. तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्यानं आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले आणि वर्षानुवर्षं नकला करत राहिले. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. मधल्या काळात भिंतीवरचा रंग कुठं कुठं गळून पडला. आज तिथं मुळात काय होतं हे पाहायला अभ्यासक वाचलेल्या नकलांकडे वळतात.

त्याच जे. जे. शाळेत युरोपातल्या पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे ठेवलेले असत. ते समोर ठेवून मराठी मुलं हात गिरवत. त्या शाळेतून गणपतराव म्हात्रे निघाले आणि त्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली : देवळाला निघालेली, पूजेचं साहित्य हाती घेतलेली, आपल्याच मातीतली मुलगी. त्याच शाळेतून अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर निघाले. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. तो मुंबईच्या माझगाव गोदीत ओतला गेला आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिला. इटलीत पादुआ शहरात दोनातेल्लो या शिल्पकारानं १४५३ साली घोड्यावरचा सेनापती काशात उभा केला होता. तशा भव्य घोडेस्वाराची विद्या आपल्या माणसांनी शिकून घेतली, पण करमरकरांचा घोडा आणि करमरकरांचा राजा हे आपलेच. आपल्या शहरात क्रांती चौकात २०२२ साली महाराजांचा नवा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तोही याच वाटेवरचा. नकलेवर हात बसवावा आणि मग आपलं घडवावं, असा हा धडा आहे.

तेव्हा नक्कल करणं हे पाप नव्हे. नकलेला अस्सल म्हणून विकणं हे पाप. आणि त्याहून मोठं नुकसान कोणतं? हातातलं अस्सल ओळखता न येणं.

आता आपल्या मर्क्युरीकडे परत येऊ. मी काही सरकारी परीक्षक नव्हे, पण चार साध्या गोष्टी कुणालाही पाहता येतात. ओल्या कापसानं मी पुतळ्याचा खांदा पुसला. कापूस हिरवा झाला. खरा जुना हिरवा थर धातूवर हळूहळू चढतो आणि घट्ट बसतो. रसायनं लावून घाईनं आणलेला थर बऱ्याचदा असा सुटतो. मग पायाखालचा भाग भिंगातून पाहिला. तिथं कानशीचा ताजा ओरखडा होता आणि धातू पिवळाधमक. म्हणजे कासं नव्हे, पितळ. तांबं आणि कथील मिळून कासं होतं, तांबं आणि जस्त मिळून पितळ. चेहरा पाहिला, तर नाकडोळे लोण्यात काढल्यासारखे पसरट. मूळ मूर्तीवरून एक नक्कल, त्या नकलेवरून दुसरी, असं होत गेलं की रेषा बोथट होत जातात.

आणखी एक गंमत सांगतो. वितळलेला धातू निवताना किंचित आकसतो, शंभरात एकदोन भाग. म्हणून मूर्तीवरून साचा घेऊन ओतलेली मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा थोडी लहान भरते, आणि त्या नकलेची नक्कल आणखी लहान. परदेशातले परीक्षक मापं घेऊन ही चोरी पकडतात. नक्कल आपल्या अंगानंच साक्ष देते, असं म्हणायला हरकत नाही.

सगळं पाहून झाल्यावर मी म्हटलं, "गुरुजी, हा मर्क्युरी अलीकडचा आहे. शोभेची वस्तू म्हणून वाईट नाही. पण तुमचे देव किती जुने होते?"

ते म्हणाले, "आजोबांच्या आजोबांपासूनचे. एक अन्नपूर्णा, एक बाळकृष्ण, एक खंडोबा आणि एक नंदी."

श्रोतेहो, हिशेब तुम्हीच करा. दीडदोनशे वर्षांचं अस्सल ओतकाम वजनावर गेलं, आणि त्याच्या बदल्यात पाचपंचवीस वर्षांची नकलेची नक्कल आली. गुरुजींना वाटलं होतं, झिजलेला देव म्हणजे मोडका देव. पण ते देव झिजले कशानं? रोजच्या स्नानानं, चंदनाच्या बोटानं, सणावाराला चिंच आणि राख लावून घासणाऱ्या हातांनी. त्या घरातल्या पाचसहा पिढ्यांची बोटं त्या मूर्तीच्या नाकावरून फिरलेली होती. अशी झीज कुठल्याही कारखान्याला करता येत नाही. आणि तो देव एकदा मुशीत वितळला की साचाही नाही आणि मूर्तीही नाही. मघाशी सांगितलं ना, एक साचा, एक मूर्ती.

दुसऱ्याच दिवशी गुरुजी त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, माल भट्टीला गेला. पण एका पाटीत किरकोळ जिनसांखाली बाळकृष्ण राहिला होता. गुरुजींनी तो वजनाच्या चौपट पैसे देऊन सोडवला. घरी आणला तेव्हा त्यांच्या आईनं तो पदरात घेतला, बोटानं चाचपला आणि एवढंच म्हणाल्या, "देव कुठं किलोवर देतेत का रं बाबा?" गुरुजी मला हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. बाकीचे तीन देव गेले ते गेलेच.

म्हणून तुम्हां सगळ्यांना माझं थोडं सांगणं आहे.

पहिली गोष्ट. जुने देव, जुन्या समया, घंटा, मूर्ती वजनावर देऊ नका. नवे देव हवे असतील तर खुशाल घ्या, पण जुने बाजूला एका डब्यात सुती कापडात जपून ठेवा. चिंच आणि राख लावून त्यांना खसाखसा घासू नका. मऊ कोरड्या फडक्यानं पुसलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे. धातूच्या किंवा दगडाच्या अशा मूर्तींची नोंदणी करावी लागते, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नांगरताना, विहीर खणताना जमिनीत काही सापडलं तर लपवू नका, विकू नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला, १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी काशाची भरीव शिल्पं मिळाली. सारी मिळून साठ किलोंहून जास्त वजनाची, आणि हजारो वर्षांपूर्वीची. किलोच्या भावानं गेली असती तर चार भांडी झाली असती. ती वाचली, म्हणून महाराष्ट्रातलं इतकं जुनं ओतकाम जगाला कळलं.

तिसरी गोष्ट गुरुजनांसाठी. गावातल्या देवळांतल्या आणि परवानगी मिळाल्यास घरांतल्या जुन्या मूर्तींची एक वही करा. प्रत्येकीचा फोटो, उंची, वजन आणि अंगावरची खूण. मुलं हे काम हौसेनं करतील. वही मात्र शाळेच्या कपाटात कुलपात ठेवा, चारचौघांत फिरवू नका. याचा उपयोग काय, ते सांगतो. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातली काशाची नटराजमूर्ती चोरीला गेली आणि ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयानं ती २००८ साली विकत घेतली. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेनं देवळांत जाऊन काढून ठेवलेले जुने फोटो होते, त्यांच्याशी ती ताडून पाहता आली, आणि २०१४ साली नटराज भारतात परत आला. म्हणजे फोटो ही तर साधी नक्कलच, पण तिनं अस्सल देव घरी आणला.

चौथी गोष्टही वर्गातलीच. एखादी नवी पितळी घंटी किंवा खेळणं घ्या. तेलाचा हात लावून मऊ शाडूत दाबा, अलगद काढा आणि त्या खळग्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. साच्यात जिथं खळगा, तिथं मूर्तीत उठाव, हे मुलं डोळ्यांनी पाहतील. मात्र जुन्या मूर्तीवर हा प्रयोग मुळीच करू नका. आणि प्रत तयार झाली की तिच्या पाठीवर तारीख घाला आणि 'प्रत' असा शब्द कोरायला लावा. प्रामाणिकपणाचा धडा त्या एका शब्दात येतो.

आमच्या गुरुजींनी तेच केलं. तो मर्क्युरी त्यांनी परत केला नाही आणि दुसऱ्याच्या गळ्यातही मारला नाही. तो आता त्यांच्या वर्गात खिडकीशी उभा आहे. पायाशी एक पुठ्ठा आहे. त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं आहे : 'मूळ शिल्पकार जाम्बोलोन्या, फ्लॉरेन्स. ही प्रत आहे.' मुलं विचारतात, इटली कुठं आहे, काशाला किती ताप लागतो, एका पायावर हा पडत कसा नाही? गुरुजी नकाशा उघडतात आणि शिकवायला लागतात.

आणि घरी देव्हाऱ्यात नाक झिजलेला बाळकृष्ण आहे. त्याच्या पायाशी पुठ्ठ्याची गरज नाही.